जगभरातले अद्भुत प्राणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनचा ड्रॅगन आणि युरोपातल्या गोष्टींतला ड्रॅगन एकच का? गडाच्या दरवाज्यावर हत्ती पंजात धरून उभा असलेला तो प्राणी कोण? मकर राशीतला मकर म्हणजे मगर का? असे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. उत्तरं देताना एक धोरण ठेवलं आहे: प्राणी दिसतो कसा हे नंतर, त्याच्या मुलखात तो काय काम करतो हे आधी. रूपं व्यापाऱ्यांबरोबर, भिक्षूंबरोबर, शिल्पकारांबरोबर हजारो मैल फिरतात. काम मात्र ज्या मातीत प्राणी वस्तीला येतो तिथली माणसं त्याला नव्याने देतात. हे ध्यानात ठेवलं तर "हा त्यांचा, तो आपला, दोन्ही एकच" अशी घाईची जुळवाजुळव टळते.

अद्भुत प्राणी म्हणजे नेमके कोणते?

ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला मिश्र प्राण्यांचा: सिंहाचं धड, गरुडाचं डोकं, माशाची शेपटी अशी जोडणी. ग्रिफिन (गरुडाचं डोकं असलेला सिंह), मकर, स्फिंक्स हे यातले. दुसऱ्या गटात ओळखीचेच प्राणी असतात, पण त्यांचं सामर्थ्य वेगळ्याच पातळीवरचं असतं, उदाहरणार्थ नाग किंवा गरुड. तिसरा गट माणसाच्या आसपास राहणाऱ्यांचा: पाण्यातले, झाडावरचे, वेशीवरचे. जपानचा काप्पा आणि कोकणातला देवचार या गटात येतात. सीमारेषा पक्क्या नाहीत, आणि त्या पक्क्या करण्याच्या भरीला पडू नये असं आमचं मत आहे.

चिनी ड्रॅगन आणि युरोपचा ड्रॅगन एकच का?

नाही, आणि दोघांमधला सर्वांत मोठा फरक पाण्याचा आहे.

चिनी ड्रॅगन पावसाचा, नद्यांचा आणि समुद्राचा स्वामी. त्याला बहुधा पंख नसतात, तरीही तो ढगांत फिरतो. जुन्या चिनी वर्णनात त्याचे अवयव एकेक करून सांगितले आहेत: हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, कार्प माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, वाघाचे पंजे, बैलाचे कान. पीत नदीवरच्या 'ड्रॅगनच्या दरवाज्या'च्या धबधब्यावर जो कार्प मासा उलटा चढून जाईल तो ड्रॅगन होतो अशी कथा आहे, आणि राजदरबारच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्याला हीच उपमा दिली जाई. मिंग आणि चिंग राजवटींत पाच नखांचा ड्रॅगन ही सम्राटाची खूण होती. इतरांनी ती वापरायची नव्हती. पाऊस लांबला तर काही गावांत ड्रॅगन राजाची मूर्ती देवळाबाहेर काढून भर उन्हात ठेवत, म्हणजे त्यालाही चटके बसावेत आणि त्याने पाऊस पाडावा. आपल्याकडे अवर्षणात महादेवाचा गाभारा पाण्याने भरून देव कोंडतात. देवाशी भांडण्याचा हा हक्क दोन्हीकडच्या शेतकऱ्याला सारखाच वाटत आला आहे.

युरोपातला ड्रॅगन बहुतेक गोष्टींत जमिनीखाली किंवा गुहेत सोन्याच्या ढिगावर बसतो, आग ओकतो आणि वीराच्या हातून मरतो. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात तो थेट सैतान आहे, त्यामुळे त्याला मारणारा संत जॉर्ज संपूर्ण ख्रिस्ती जगाला प्रिय झाला. चीनमध्ये ड्रॅगन मारणं हा पराक्रम ठरेलच असं नाही; ड्रॅगन प्रसन्न राहिला तरच पीक येतं.

पण युरोपालाही एका रंगात रंगवू नका. वेल्सचा लाल ड्रॅगन रक्षणकर्ता आहे. नवव्या शतकातल्या एका लॅटिन इतिहासग्रंथात राजा व्होर्टिगर्नच्या किल्ल्याखाली लाल आणि पांढरा असे दोन ड्रॅगन झुंजतात; लाल म्हणजे तिथले मूळचे ब्रिटन लोक, पांढरा म्हणजे चालून आलेले सॅक्सन. हाच लाल ड्रॅगन १९५९ पासून वेल्सच्या अधिकृत झेंड्यावर आहे.

मग भारतात ड्रॅगन आहे की नाही?

त्या नावाने नाही, पण ऋग्वेदातला वृत्र युरोपच्या ड्रॅगनचा जवळचा नातलग दिसतो. पहिल्या मंडलातल्या बत्तिसाव्या सूक्तात इंद्र पर्वतावर पसरलेल्या 'अहि'ला, म्हणजे सर्परूपी वृत्राला, वज्राने मारतो आणि अडवलेलं पाणी हंबरत धावणाऱ्या गाईंसारखं समुद्राकडे सुटतं. साप, अडवलेला ठेवा आणि वीर ही त्रयी ग्रीसपासून स्कँडिनेव्हियापर्यंतच्या कथांत सापडते, फक्त युरोपात पुढे ठेवा सोन्याचा झाला. आपल्याकडे तो पाण्याचा होता.

नाग हा वेगळा विषय. तो मारण्याचा प्राणी नाही. बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद, कंबोडियात अंगकोरच्या पुलांवर कठड्याच्या जागी पसरलेले अनेक फण्यांचे नाग आणि आपल्या नागपंचमीचा नाग या सगळ्यांत आदर आणि भीती एकत्र आहे. दक्षिण आणि आग्नेय आशियात ड्रॅगनची जागा बहुतांशी नागानेच भरली आहे.

ड्रॅगनसारखा दिसणारा जुना प्राणी प्रत्यक्ष कुठे पाहता येतो?

बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयात बॅबिलोनचं इश्तार द्वार पुन्हा उभं केलेलं आहे (नूतनीकरणासाठी संग्रहालय २०२३ पासून दीर्घकाळ बंद आहे, जाण्याआधी चौकशी करावी). इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात नेबुखद्नेझर दुसरा याने ते बांधलं आणि रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १८९९ पासून केलेल्या उत्खननात त्याच्या विटा निघाल्या. निळ्या झिलईच्या भिंतीवर बैलांच्या आणि मुश्हुश्शूच्या रांगा आहेत. मुश्हुश्शू नीट पाहण्यासारखा आहे: डोकं शिंग असलेल्या सापाचं, जीभ दुभंगलेली, अंग खवल्यांचं, पुढचे पाय सिंहाचे, मागचे पाय गरुडाचे. तो मर्दुक देवाचा प्राणी. चेहऱ्यावर राग नाही, चाल शांत आहे. शहराच्या दारातून आत येणाऱ्याला तो देवाच्या सेवेत असलेला वाटावा, अशीच त्याची मांडणी आहे.

मकर राशीतला मकर म्हणजे मगर, मासा की बकरा?

तिन्ही, आणि तिन्हींचं एकत्र येणं ही एका प्रवासाची कथा आहे.

बॅबिलोनच्या आकाशात पुढून बकरा आणि मागून मासा असलेला एक प्राणी होता. पाण्याचा आणि शहाणपणाचा देव एआ, त्याचा तो सोबती. बॅबिलोनकडून राशिचक्र ग्रीकांकडे गेलं आणि इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीक ज्योतिषाबरोबर भारतात आलं. बकरा-मासा हा आपल्याकडे कोणाच्याच ओळखीचा नव्हता. पण पाण्यातला एक मिश्र प्राणी आधीपासून घरचा होता: भारहूतच्या स्तूपावर दिसणारा, गंगेचं आणि वरुणाचं वाहन असलेला, कामदेवाच्या ध्वजावर फडकणारा मकर. ती रास त्याला मिळाली. दरवर्षी तिळगूळ वाटताना आपण ज्या मकराचं नाव घेतो, त्याची आकाशातली जागा मेसोपोटेमियातल्या प्राण्याने राखलेली होती.

मकराचं शरीरही एकाच ठिकाणी ठरलं नाही. सुरुवातीच्या शिल्पांत तो मगरीच्या जवळ आहे, पुढे त्याला हत्तीची सोंड आली, शेपटीचा पिसारा झाला. मंदिराच्या अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणाऱ्या प्रणाळाला मकरमुख असतं. नेपाळमध्ये पाटणच्या सार्वजनिक पाणवठ्यांवरही पाणी मकराच्याच तोंडातून पडतं. जावामधल्या बोरोबुदूरच्या जिन्यांना दोन्ही बाजूंनी मकर आहेत. सगळीकडे तो पाण्याशी किंवा दाराशी आहे, आणि त्याच्या तोंडातून नेहमी काहीतरी बाहेर येत असतं: पाणी, वेल, मोत्यांची माळ, कधी छोटा सिंह.

देवळाच्या उंबरठ्यावर कोरलेलं ते राक्षसाचं तोंड कोणाचं?

ते कीर्तिमुख. महाराष्ट्रातल्या यादवकालीन देवळांच्या उंबरठ्यावर मधल्या मंदारकाच्या, म्हणजे पुढे आलेल्या अर्धगोल भागाच्या, दोन्ही अंगांना ते असतं. फुगलेले डोळे, शिंगं, वरचा जबडा ठळक, खालचा बहुधा नसतोच. स्कंदपुराणातली कथा अशी: जालंधराने राहूकरवी शंकराकडे पार्वतीची मागणी केली. शंकराच्या कोपातून एक भुकेला प्राणी निर्माण झाला आणि राहूवर धावला. राहू शरण गेला, शंकराने त्याला अभय दिलं. आता खाऊ काय, असं त्या प्राण्याने विचारलं तेव्हा स्वतःलाच खा असं उत्तर मिळालं. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि फक्त तोंड उरलं. शंकराने प्रसन्न होऊन त्याला दारावर जागा दिली.

आता चीनकडे पाहा. शांग या प्राचीन राजवटीच्या काळातल्या ब्राँझच्या भांड्यांवर डोळे वटारलेला, खालचा जबडा नसलेला एक मुखवटा सतत दिसतो; त्याला ताओतिए म्हणतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला एक चिनी ग्रंथ म्हणतो की या प्राण्याला डोकं आहे पण धड नाही. त्याने माणूस खाल्ला, पण गिळण्याआधीच स्वतःच्या अंगाची हानी झाली. दोन्ही कथांत धड नसण्याचं कारण खादाडपणा आहे. साम्य विलक्षण आहे, पण उत्तर उलटं: चिनी लेखकाला त्यात अतिलोभाचं फळ दिसतं, आपल्या पुराणाला आज्ञापालन. दोघांमध्ये थेट देवाणघेवाण झाली असं म्हणायला पुरावा नाही, त्यामुळे तसं म्हणू नये.

गडांच्या दरवाज्यांवरचा शरभ नक्की कोण? आणि दोन तोंडांचा पक्षी?

हा प्रश्न दुर्गभ्रमंती करणाऱ्यांकडून सर्वाधिक येतो. शिवनेरीच्या दरवाज्यावर, जंजिऱ्याच्या महाद्वाराशी आणि इतर कित्येक गडांवर सिंहासारखा एक प्राणी कोरलेला आहे, त्याच्या पंजात हत्ती असतात. हत्ती म्हणजे नमवलेल्या सत्ता, असा अर्थ सामान्यतः लावला जातो.

ग्रंथांतला शरभ मात्र आठ पायांचा आहे आणि सिंहालाही मारतो. महाभारताच्या शांतिपर्वात त्याची एक सुरेख कथा आहे. ऋषीच्या आश्रमातलं कुत्रं बिबट्याला घाबरतं, ऋषी त्याला बिबट्या करतात. मग वाघ, हत्ती, सिंह असं चढत चढत शेवटी शरभ करतात. सगळं जंगल रिकामं झाल्यावर तो शरभ ऋषीच्याच जिवावर उठतो आणि पुन्हा कुत्रा होतो. म्हणजे महाभारताच्या मते प्राण्यांच्या उतरंडीत शरभाच्या वर कोणी नाही. पुढे शैव पुराणांनी हेच बळ वापरलं: हिरण्यकशिपूला मारूनही शांत न झालेल्या नरसिंहाला आवरायला शंकर शरभ झाले. तमिळनाडूत दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात हा प्रसंग मूर्तिरूपात आहे. वैष्णवांनी यावर उत्तर दिलं की शरभाला आवरायला नरसिंहाने गंडभेरुंडाचं, म्हणजे दोन तोंडांच्या पक्ष्याचं, रूप घेतलं. दोन संप्रदायांचा वाद असा प्राण्यांच्या अंगावरून खेळला गेला. गडावरच्या शरभाला या वादाशी देणंघेणं नाही. तिथे तो दाराची ताकद दाखवतो, हिंदू राजाच्या गडावर आणि सिद्दींच्या जंजिऱ्यावरही.

गंडभेरुंडाचे भाऊबंद मात्र फार दूरपर्यंत पसरले आहेत. तुर्कस्तानात अलाजा ह्युयुक इथे हित्ती लोकांच्या द्वारावर दोन डोक्यांचा गरुड दोन्ही पायांत ससे धरून आहे, आणि ते काम तीन हजार वर्षांहून जुनं आहे. तक्षशिलेजवळ सिरकपच्या एका स्तूपावर तसाच पक्षी आहे. बायझँटियम, रशिया, अल्बानिया, सर्बिया यांच्या राजचिन्हांत तो आहे. कर्नाटकात बळ्ळिगावेला अकराव्या शतकातला भेरुंडस्तंभ आहे. म्हैसूरच्या वाडियारांनी त्याला राजचिन्ह केलं आणि आज तो कर्नाटक शासनाच्या मुद्रेवर आहे. युरोपात दोन डोकी म्हणजे पूर्व-पश्चिम अशा दोन दिशांवरची सत्ता असं सांगितलं जातं. आपल्याकडे डोक्यांपेक्षा पकडीला महत्त्व: चोचीत आणि नखांत हत्ती.

युनिकॉर्न भारतातून गेला हे खरं का?

युनिकॉर्न म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला घोड्यासारखा प्राणी. युरोपच्या कल्पनेपुरतं हे बरंचसं खरं आहे. इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास क्टेसियस हा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारात होता. भारतात न येता त्याने भारतावर पुस्तक लिहिलं. त्यात घोड्याएवढी रानगाढवं आहेत: अंग पांढरं, डोकं गडद लाल, डोळे निळे आणि कपाळावर दीड हाताचं शिंग, मुळाशी पांढरं, मध्ये काळं, टोकाला लाल. या शिंगाच्या पेल्यातून प्यायलं की विष बाधत नाही, असंही तो सांगतो. गेंड्याच्या ऐकीव वर्णनात दुसरे प्राणी मिसळून हे चित्र झालं असावं.

विषाचा हा धागा युरोपातल्या राजांनी शतकानुशतकं धरून ठेवला. महागडी 'युनिकॉर्नची शिंगं' विकत घेतली जात; ती असायची उत्तर ध्रुवाकडच्या नारव्हाल नावाच्या देवमाशाचे लांब, पिळदार दात. १६३८ मध्ये ओले वर्म या डॅनिश वैद्याने ते सिद्ध केलं. तरी त्यानंतर काही दशकांतच डेन्मार्कच्या राजाचं सिंहासन याच दातांनी सजवलं गेलं, आणि ते कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग वाड्यात आजही आहे.

चीनचा चिलिन हा वेगळा प्राणी. त्याला एक शिंग असतंच असं नाही. तो गवताच्या पात्यावरही जपून पाऊल टाकतो आणि सद्गुणी राजाच्या काळातच दिसतो. १४१४ मध्ये बंगालच्या सुलतानाने मिंग सम्राट योंगलला जिराफ भेट पाठवला तेव्हा दरबाराने त्याला चिलिन मानलं, त्यावर स्तुतिकाव्य रचलं, चित्र काढलं.

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वांत जास्त वेळा येणारा एकशिंगी प्राणी आणि ही युरोपीय किंवा चिनी मंडळी यांचा संबंध जोडणारा पुरावा नाही.

फिनिक्स राखेतून उठतो, तसा चीनचा फेंगहुआंगही उठतो का?

नाही. फेंगहुआंगचा आगीशी किंवा पुनर्जन्माशी संबंध नाही. तो सुसंवादाचा आणि सम्राज्ञीचा पक्षी. लग्नाच्या वस्त्रांवर ड्रॅगनच्या जोडीला असतो. दोघांना एका नावाने ओळखण्याची सवय युरोपीय लेखकांनी लावली. खुद्द ग्रीक फिनिक्सही सुरुवातीला जळत नव्हता: हिरोडोटसच्या वर्णनात तो पाचशे वर्षांतून एकदा मेलेल्या बापाला गंधरसाच्या गोळ्यात घालून इजिप्तच्या सूर्यमंदिरात आणतो. आग नंतरच्या लेखकांनी लावली.

स्फिंक्स पुरुष की स्त्री?

इजिप्तमध्ये बहुधा पुरुष, कारण चेहरा राजाचा. गिझाचा स्फिंक्स सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा आणि ७३ मीटर लांब. तो राखण करतो, बोलत नाही. ग्रीसमध्ये तीच स्त्री होते, पंख फुटतात, कोडं घालते आणि उत्तर चुकलं की खाते. दक्षिण भारतात चिदंबरमसारख्या मंदिरांत पुरुषमृग आहे: मानवी चेहरा, सिंहाचं अंग आणि शंकराची भक्ती. एकाच शरीराला तीन ठिकाणी तीन स्वभाव मिळाले.

गरुड इंडोनेशियाचं राष्ट्रचिन्ह कसा झाला?

जावामध्ये विष्णूचं वाहन म्हणून गरुड हजार वर्षांहून जास्त काळ परिचित आहे. तिथला बहुसंख्य समाज मुस्लिम झाल्यावरही तो सावल्यांच्या बाहुल्यांत, कापडाच्या नक्षीत, शिल्पांत राहिला. १९५० मध्ये त्याला राष्ट्रचिन्ह केलं तेव्हा पिसांचीही गणती ठरवली: प्रत्येक पंखात १७, शेपटीत ८, मानेवर ४५. हा १७ ऑगस्ट १९४५, स्वातंत्र्याच्या घोषणेचा दिवस. तिथे त्याच्या पाठीवर विष्णू नाही, छातीवर ढाल आहे. थायलंडमध्ये तोच गरुड राजघराण्याचा आणि राज्याचा.

आफ्रिकेतल्या जलदेवतेचा मुंबईशी संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि आमच्या मते या पानावरची ही सर्वांत विलक्षण गोष्ट आहे.

नायजेरियापासून घानापर्यंत मामी वाटा ही पाण्यातली स्त्रीशक्ती मानली जाते. ती संपत्ती देते, रूप देते, त्या बदल्यात निष्ठा मागते. आरसा आणि कंगवा तिच्या आवडीचे. तिच्यात स्थानिक जलदेवता आहेत, युरोपीय जहाजांच्या नाळेवरच्या जलपरी आहेत आणि एक छापील चित्रही आहे. १८८० च्या दशकात जर्मनीत हॅम्बर्गला एका सर्पनर्तकीचं रंगीत चित्र छापलं गेलं: मोकळे कुरळे केस, गळ्याभोवती आणि हातात साप. ते पश्चिम आफ्रिकेत पोहोचलं आणि लोकांनी तिच्यात मामी वाटा ओळखली. मूळ प्रती जुन्या झाल्या तेव्हा घानातल्या कुमासीसाठी त्याच चित्राच्या बारा हजार प्रती १९५५ च्या सुमारास मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीने छापून पाठवल्या.

भारतीय कॅलेंडरांतले आपले देवही त्या वाटेने गेले. टोगो आणि बेनिनमधल्या मामी वाटाच्या देव्हाऱ्यांत लक्ष्मी आणि हनुमान दिसतात. दत्तात्रेयाच्या तीन शिरांच्या तसबिरीत तिथल्या भक्तांना डेन्सू हा नदीचा देव दिसतो. गाणगापूर-नरसोबाच्या वाडीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसेल, पण त्या भक्तांनी काही हिसकावलेलं नाही. समोर आलेल्या चित्रात त्यांनी आपला देव पाहिला, आणि तो श्रद्धेने पुजला.

एका भाषेच्या मुलखातही प्राण्यांचं काम बदलतं का?

बदलतं. वेताळ घ्या. संस्कृत कथांत तो प्रेतात शिरून झाडाला लटकतो आणि विक्रमाला कोडी घालतो. कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदार देव आहे. काणकोणात लोलयेला त्याची भव्य पाषाणमूर्ती आहे. तो रात्री गावाभोवती फेरी मारतो, चालून वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. मुंजा, हडळ, झोटिंग, गिऱ्हा यांचे तपशीलही जिल्ह्यागणिक बदलतात. तुमच्या गावात काय सांगतात ते आजी-आजोबांकडून ऐकून गावाच्या नावासकट लिहून ठेवा. गावाचं नाव गळलं की अशा नोंदीची निम्मी किंमत जाते.

हे प्राणी फक्त मुलांना घाबरवण्यासाठी रचले का?

काही, हो. जपानचा काप्पा नदीत मुलांना ओढतो. त्याच्या डोक्यावरच्या खळग्यात पाणी असतं. आपण वाकून नमस्कार केला की शिष्टाचार म्हणून तोही वाकतो, पाणी सांडतं आणि बळ जातं. काकडी दिली की खूश. खोल पाण्यापासून पोरांना दूर ठेवायचं काम तो करतो, त्याबरोबर शिष्टाचारही शिकवतो. पण मकर, गरुड किंवा चिनी ड्रॅगन यांना या चौकटीत बसवता येत नाही.

मोठमोठी हाडं सापडली म्हणून या कथा झाल्या, हे कितपत खरं?

काही ठिकाणी पक्कं खरं. ऑस्ट्रियात क्लागनफुर्टच्या चौकात सोळाव्या शतकात ड्रॅगनचा पुतळा घडवला, त्याचं डोकं हिमयुगातल्या लोकरी गेंड्याच्या कवटीवरून केलेलं आहे. चीनमध्ये जीवाश्म 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधात कुटत. १८९९ मध्ये अशाच हाडांवर अक्षरं दिसली आणि शांग काळातली लिपी जगासमोर आली. सायक्लॉप्स या ग्रीक कथांतल्या राक्षसाच्या एकुलत्या एका डोळ्यामागे भूमध्य समुद्रातल्या बुटक्या हत्तींच्या कवट्या असाव्यात, सोंडेचं छिद्र डोळ्याच्या खोबणीसारखं दिसतं, असं जीवाश्मतज्ज्ञ ओथेनियो आबेल यांनी १९१४ मध्ये सुचवलं. सुचवणी आकर्षक आहे, सिद्ध झालेली नाही. ग्रिफिन म्हणजे मध्य आशियातल्या डायनासोरचे सांगाडे, हा लोकप्रिय दावा तर अलीकडे जीवाश्मतज्ज्ञांनीच खोडून काढला आहे: ग्रिफिनची चित्रं त्या कथित शोधाच्या आधीपासून इजिप्त आणि पश्चिम आशियात आहेत.

यती खरा आहे का?

२०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने डीएनए चाचणीत तपासले: आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. भूतानच्या साकतेंग अभयारण्यात मात्र स्थानिक ब्रोक्पा लोकांच्या मिगोईचा, म्हणजे यतीचा, अधिवासही संरक्षित मानला जातो. त्याच्या नावाने जंगल राखलं जात असेल तर आमचा त्याला पूर्ण पाठिंबा.

यांना 'काल्पनिक' म्हणावं का?

सरसकट नको. ग्रिफिनची आज कोणी पूजा करत नाही, त्याला काल्पनिक म्हटलं तर कोणी दुखावणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचा इंद्रधनुषी सर्प मात्र आजही नद्या आणि पाणवठे घडवणारी शक्ती आहे. त्याची ठिकाणं पवित्र आहेत, काही कथा ठरावीक माणसांनीच सांगायच्या असतात. नागाची, गरुडाची, वेताळाची पूजा चालू आहे. अशा ठिकाणी 'त्या लोकांच्या श्रद्धेनुसार' इतकं जोडलं की पुरतं.

परदेशी न जाता दुसऱ्या संस्कृतीचा असा प्राणी कुठे पाहायला मिळेल?

मुंबईत, फोर्ट भागातल्या माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी. दोन्ही बाजूंना माणसाचा दाढीवाला चेहरा, बैलाचं अंग आणि पंख असलेले प्रचंड राखणदार आहेत. यांचे पूर्वज असिरियाचे लामासू. खोर्साबादला सार्गोन दुसरा याच्या राजवाड्याच्या दारात ते होते, आज त्यांतले काही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यांना पाच पाय असतात: समोरून पाहिलं तर दोन पायांवर स्थिर उभे, बाजूने पाहिलं तर चार पायांनी चालताना. इराणच्या हखामनी सम्राटांनी हा राखणदार उचलला आणि पर्सेपोलिसला झर्कसिसच्या 'सर्व राष्ट्रांच्या द्वारा'वर बसवला, तिथे मात्र चारच पायांचा. इराण सोडून आलेल्या पारशी समाजाने प्राचीन इराणची खूण म्हणून त्याला आपल्या अग्यारीच्या दारावर आणलं. २०१५ मध्ये निनेवेच्या द्वारावरचे लामासू अतिरेक्यांनी ड्रिलने फोडले. मुंबईतले शाबूत आहेत. अग्यारीत प्रवेश फक्त जरथुष्ट्री लोकांना आहे, पण हे राखणदार बाहेरच्या बाजूला असल्याने रस्त्यावरून नीट पाहता येतात. फोटो काढण्याआधी दाराशी असलेल्यांना विचारावं.